टेलची बारी

मार्गशीर्ष लागला की आमच्या गाडीच्या खिडकीतून भरताचा वास येतो. रुळांच्या कडेच्या शेतात कुणीतरी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात, जाळावर लांबोळकी हिरवी वांगी टाकलेली असतात, आणि त्यांची साल करपू लागली की तो वास धुरासकट थेट डब्यात शिरतो. डब्यातला माणूस भांडत असो की पेंगत असो, एकदा तरी खिडकीकडे मान वळवतोच. जळगावहून दोंडाईच्याला अपडाउन करत मला अठरा वर्षं झाली. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. इतक्या वर्षांत माझ्या घड्याळाचा सेल दोनदा संपला, पण हंगाम कोणता हे कळायला मला कधी घड्याळ लागलं नाही.

यंदाही परवा तो वास आला आणि माझी नजर सवयीने डब्याच्या दारावर गेली. दाराच्या वरच्या पत्र्याला चार भोकं आहेत, बोटाच्या पेरात मावतील एवढी. नव्या प्रवाशाला ती दिसतसुद्धा नाहीत. मला दिसतात, आणि दर हिवाळ्यात थोडी टोचतात.

तिथे एकेकाळी पांढरी पेटी होती. चार-पाच हिवाळ्यांमागची गोष्ट. आमच्या गाडीच्या एकाच डब्यात प्रयोग म्हणून वायफाय बसवलं होतं. आपला मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, आणि दिवसाला अर्धा तास इंटरनेट फुकट. अर्ध्या तासानंतर कितीही डोकं आपटा, दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. आमच्या या पट्ट्यात मोबाइलला रेंज म्हणजे पाहुणी, नरडाणा सुटलं की अमळनेर येईपर्यंत पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरतं. तिथे ही पेटी म्हणजे आम्हाला विहिरीला पाणी लागल्यासारखी वाटली. पहिल्या आठवड्यात साऱ्या डब्याने एकदम मोबाइल काढले, एकदम क्रिकेट लावलं, आणि कुणालाच काही दिसलं नाही. गोलंदाज धावत यायचा आणि हात वर करून तसाच थांबायचा, शिंदखेड्यापासून बेटावदपर्यंत.

यावर तोड काढली ती बिऱ्हाडे आबांनी. आबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी आणि किती वेळ सोडायचं हे पाहणारा माणूस. अमळनेरजवळच्या गावातून दोंडाईच्याच्या कचेरीत यायचे. अंगाने काटक, खिशात डायरी, हातात साधा बटणांचा फोन. फोन वाजला की पलीकडे कोणीही असो, अगदी बायको असली तरी, पहिला शब्द “जय भीम”. त्यांनी दोन दिवस आमचा गोंधळ शांतपणे पाहिला आणि म्हणाले, पाणी कमी असलं की सगळ्यांनी दारं उघडून चालत नाही, बारी लावावी लागते. एका वेळी एकच मोबाइल चालू, बाकी सगळे बंद. एकाचा अर्धा तास संपला की दुसऱ्याचा. ज्याची बारी त्याचा मोबाइल खिडकीच्या गजाला रुमालाने बांधायचा आणि सगळ्यांनी मिळून तोच पाहायचा.

आणि चमत्कार म्हणजे ते चाललं. चाळीस माणसं एका वितीच्या पडद्याकडे पाहतात आणि कुणी कुणाला ढकलत नाही, हे दृश्य मी आमच्या कॉलेजच्या वाचनकक्षातसुद्धा पाहिलेलं नाही. आमच्या टोळीत तहसील कचेरीतले पाटील भाऊ होते, दवाखान्यातल्या नंदाताई होत्या, मी होते. आबांकडे तसला फोनच नव्हता, त्यामुळे त्यांची स्वतःची बारी कधी नसायची. पण बारी लावणार तेच. त्यांचा एक नियम होता. शेवटची बारी, तिला ते ‘टेलची बारी’ म्हणत, भरवशाच्या माणसालाच द्यायची. कालव्याच्या तोंडाशी शेत असलेला काहीही करून भिजवून घेतो, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याला मात्र वरच्या सगळ्यांच्या इमानावर जगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या चित्राला उशीर व्हायचा, एखाद मिनिटाचा. धरणगाव जवळ आलं की गावात फटाके उडायचे, आणि आमचा फलंदाज अजून हेल्मेटचा पट्टा नीट करत असायचा. पाटील भाऊ चिडायचे, गंमत गेली म्हणायचे. आबा म्हणायचे की टेलला पाणी उशिराच येतं, पण येतं. मला ते उशिराचं पाहणं आवडायचं. काहीतरी चांगलं घडून गेलेलं आहे आणि ते आता आपल्याला दिसणार आहे, असं आयुष्यात कितीदा होतं?

आता जरा माझ्याबद्दल. मला क्रिकेटचा कंटाळा आहे, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचे. वाचणाऱ्या बाईने असं सांगायचं असतं, असा माझा समज होता. सामना चालू असला की मी मांडीवर पुस्तक उघडून बसायचे आणि नाकाने कांदे सोलायचे. खरी गोष्ट अशी की लहानपणापासून मला कसोटीचं वेड. संध्याकाळचे सामने वीस षटकांचे, पण त्या हिवाळ्यात आपला कसोटी संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता, म्हणजे तो खेळ आपल्या सकाळी. सकाळच्या गाडीत सगळे पेंगत असताना मी शालीच्या आत इअरफोन खुपसून, पुस्तकाच्या पानांमध्ये मोबाइल धरून माझा अर्धा तास गुपचूप संपवायचे. संध्याकाळी बारी आली की म्हणायचे, मला वगळा, मला वाचायचंय. सगळ्यांना वाटायचं, काय मोठं मन बाईचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आबांची मुलगी दीक्षा खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या संघात होती आणि त्या वर्षी जिल्हा राज्याच्या अंतिम फेरीत पोहोचला. सामना दूर सांगलीकडे, पण नेटवर थेट दिसणार होता, संध्याकाळी, नेमका आमच्या परतीच्या गाडीच्या वेळेला. आबांनी मुलीला मैदानावर खेळताना कधी पाहिलं नव्हतं. सामने नेहमी लांब, आणि पाणी सोडायचे दिवसही तेच, रब्बीचे. मुलीने त्यांच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, “आबा, एकदा तरी बघा.” हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा ते डायरीत काहीतरी शोधत असल्यासारखे खाली पाहत होते.

घरात दीक्षाच्या आईचा या खेळाला विरोध होता. वर्षभरापूर्वी सराव करताना दीक्षाचा गुडघा सुजला होता, दोन महिने तिला आईने हाताला धरून चालवलं होतं. तेव्हापासून त्या माउलीने जाहीर केलं होतं की खेळायचं तर खेळ, मी बघायची नाही आणि विचारायचीही नाही. आणि खरोखरच, मुलगी सामन्याला निघाली तेव्हाही ती चुलीपुढून उठली नव्हती.

आदल्या दिवशी आबांनी बारी लावली. पहिला अर्धा तास पाटील भाऊंचा, दुसरा नंदाताईंचा, टेलला मी. उद्या सकाळी कुणीही अर्धा तास खर्च करायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. माझ्याकडे पाहून तर म्हणाले, “मॅडमला सांगायची गरज नाही. त्या तशाही बघत नाहीत.”

आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. कसोटीचा शेवटचा दिवस होता. एकच षटक, असं मी मनाला सांगितलं. अर्ध्या तासातली पाच मिनिटं गेली म्हणून काय झालं, पंचवीस उरतीलच. पण एकदा सुरू झालेला अर्धा तास थांबत नाही, तो घड्याळाने पळतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम विसरले. अमळनेरला आबा चढले तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि त्यांना विचारलं, झोप लागली का रात्री?

संध्याकाळी दोंडाईचा सुटलं आणि पाटील भाऊंचा मोबाइल गजाला बांधला गेला. नंदाताईंनी मुद्दाम भरीत करून आणलं होतं, लाकडी बडगीत कुटलेलं, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पुऱ्या. पण पाटील भाऊंचा अख्खा अर्धा तास प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारातच गेला. शाल, श्रीफळ, मग भाषण, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. आबा शांत होते. त्यांनी डोळ्यावर हात धरून प्रत्येक ओळीत उभ्या मुलींमध्ये आपली शोधली, आणि सापडली तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, ती तिसरी.

नंदाताईंच्या अर्ध्या तासात खेळ सुरू झाला. आमच्या मुली आधी पळाल्या, मग पाठलागाला बसल्या, मग पुन्हा पळाल्या. दीक्षा खांबापाशी वळायची तेव्हा आबांची मान तिच्याबरोबर वळायची. गुण जवळजवळ सारखे होते आणि शेवटचा डाव उरला, आमच्या मुलींनी पाठलाग करायचा. सगळं त्या नऊ मिनिटांवर होतं. नरडाण्याच्या पुढे गाडी सिग्नलला थांबली आणि पडदा पांढरा झाला. नंदाताईंची वेळ संपली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नंबर टाकला, जणू देव माझ्यासाठी नियम बदलणार होता. पडद्यावर आलं, आजची मोफत वेळ संपली आहे, उद्या पुन्हा प्रयत्न करा. मी म्हणाले, “लागत नाहीये.” एवढं एकच वाक्य. पण त्याच्यासारखं खोटं मी त्यानंतर बोलले नाही.

आबांनी हात पुढे केला. मी मोबाइल दिला, न देऊन कुठे जाणार. त्यांनी तो लांब धरून नीट वाचला. मग पडदा खाली करून माझ्या पुस्तकावर ठेवला आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “पेटीच तापली वाटतं. मॅडम तरी काय करणार?”

मला वाटलं, गाडीचा तळ फाटावा. दारातल्या एका प्रवाशाने आपला नंबर टाकून पाहिला, पण रेंज नव्हती, ओटीपी येईना. पाटील भाऊ मोबाइल घेऊन दारातून बाहेर हात काढून उभे राहिले. आबा रिकाम्या रुमालाकडे पाहत बसले होते. खिडकीबाहेर हरभऱ्याचं शेत होतं, त्यावर संध्याकाळचं ऊन पडलेलं होतं, आणि दूर कुठेतरी वांगी भाजत होती.

तेवढ्यात आबांचा बटणांचा फोन वाजला; त्यांच्या साध्या सिमला त्या पट्ट्यातही अधूनमधून रेंज मिळायची.

“जय भीम,” आबा म्हणाले. पलीकडे दीक्षाची आई होती. त्या जुन्या फोनचा आवाज इतका मोठा की सगळं आम्हाला ऐकू येत होतं. ती सांगत होती, मी शेजारी विरजण मागायला आले आहे, यांच्याकडे टीव्हीवर नेट लावून ते चालू आहे, तुम्हाला दिसतंय ना?

आबा म्हणाले, नाही दिसत, बंद पडलं.  आपण मुद्दाम बघत नाही हे बजावत ती अहिराणीत म्हणाली, “मी काय देखी नही ऱ्हायनू हां. दारमा उभी शे. आठे चालू शे म्हनीसन दिखस.”

आणि त्या दारातूनच दिसत असलेला सामना ती सांगू लागली. तिला खेळाचा एक नियम माहीत नव्हता. कोण पकडतंय, कोण पळतंय, कशाला गुण, काही नाही. ती फक्त आपल्या मुलीकडे पाहत होती आणि तेवढंच सांगत होती. आते बठेल शे. आते बी बठेल शे. त्या दुसरीनी खो दिन्हा. उठनी, आपली उठनी. पयनी. केस बांधेल नहीत नीट, कितला सांगेल व्हतं. आबांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, आम्हाला ऐकू यावा म्हणून. पाटील भाऊ दारातून आत आले. 

मग ती ओरडली, “पडनी!”

आबा उभे राहिले. त्याच क्षणी गाडीने हिसका दिला आणि ती सुटली. धरायला जवळ काही नव्हतं, तरी ते फोन धरून तसेच उभे राहिले. खांबाजवळ पळणाऱ्याला शिवायला खेळाडू सूर मारतात, अंगच झोकून देतात, हे आबांना ठाऊक होतं. तिला नव्हतं. तिला फक्त तो सुजलेला गुडघा दिसत होता. 

“उठनी,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “उठनी हो. हासी ऱ्हायनी.”

आबा म्हणाले, “बरं.” आणि खाली बसले. मग ती घाईने म्हणाली, “पोरले सांगू नका हां, मी देखं म्हनीसन,” आणि फोन ठेवला.

कोण जिंकलं हे तिने सांगितलंच नाही. आबांनीही विचारलं नाही. पाटील भाऊंनी कपाळावर हात मारला. अमळनेरच्या फलाटावर कुणाच्या तरी मोबाइलवर कळलं की आमच्या मुली एका गुणाने हरल्या, आणि शेवटचा गडी दीक्षाने सूर मारून टिपला होता.  आबा उतरताना नेहमीसारखं फक्त म्हणाले, येतो मॅडम. मी मात्र धरणगाव येईपर्यंत पुस्तक उलटं धरलं होतं.

पुढे उन्हाळ्यात ती पेटी काढून नेली. त्यानंतरच्या वर्षी आबा निवृत्त झाले. मी त्यांची माफी मागायचं रोज ठरवलं आणि रोज दुसऱ्याच विषयावर बोलले. त्यांनीही कधी विषय काढला नाही. माणसाने रागवावं, दोन शब्द सुनवावेत, तर हिशेब मिटतो. न बोलणाऱ्याचं देणं कसं फेडायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

परवा वास आला त्या दिवशी माझ्यासमोर दीक्षा बसली होती. ती आता दोंडाईच्यात शाळेवर क्रीडाशिक्षिका आहे. महिनाभरापूर्वी लागली, अमळनेरहून चढते, आणि तिला कुणी न सांगता नेमकी आबांचीच जागा धरते. तिने आबांनी पाठवलेलं भरीत माझ्यापुढे ठेवलं. मी दाराच्या वरच्या भोकांकडे पाहत होते. तिने माझी नजर पकडली आणि हसली.

“इथेच होती ना ती पेटी? आबा अजून सांगतात. म्हणतात, शेवटचा डाव मी बिऱ्हाडे मॅडमच्या... म्हणजे तुमच्याच मोबाइलवर पाहिला. तुम्हाला आमचंच आडनाव लावून टाकतात ते.”

माझा घास हातातच राहिला. म्हणजे त्यांनी मुलीला सांगितलं होतं की त्यांनी पाहिलं. माझा चोरलेला अर्धा तास त्यांनी माझ्याच नावावर दान म्हणून लिहून टाकला होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की ‘हो’ म्हणणं हेच शहाणपणाचं होतं.

पण त्या अर्ध्या तासाबद्दल मी एकदा खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा जीभ वळेना. मी तिला सगळं सांगितलं. सकाळची कसोटी, शालीतला मोबाइल, पांढरा पडदा. आबांनी शेवटचा डाव पाहिला नाही गं, माझ्यामुळे पाहिला नाही. ती ऐकत होती. चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला वाटलं, कशाला बोललीस बाई.

“मग त्यांना कसं माहीत?” तिने विचारलं. “मी सूर मारून उठले तेव्हा हसले होते, हे ते सांगतात. ते कुणी सांगितलं?”

‘सांगू नका’ हे तिच्या आईने आबांना सांगितलं होतं, मला नाही.

“तुझ्या आईने,” मी म्हणाले. “तिने सगळा डाव पाहिला. फोनवर सांगत होती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

“आई तर तेव्हा विरजण आणायला गेली होती. तिला विचारलं ना मी घरी आल्यावर.”

“तुझे केस नीट बांधलेले नव्हते, असं म्हणत होती ती. तू पडलीस तेव्हा ओरडली.”

दीक्षा खिडकीकडे वळली. बाहेर पांझरेचा पूल गेला, बेटावद गेलं. तिने रुमालाने नाक पुसलं, मोबाइल हातात धरून ठेवला, रेंजची काडी दिसताच फोन लावला आणि आवाज मोठा करून आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. गुडघा दुखस का, हा तिच्या आईचा रोजचा पहिला प्रश्न.

“नही दुखस,” दीक्षा म्हणाली. “आई, एक सांग. मना फायनलना दिन तू शेजारी विरजण आनाले गयथी ना. मंग ते आनं व्हतं का?”

भांड्यांचा आवाज थांबला. 

“नही व,” आई म्हणाली. “इसरी गयू.”